‘एक दिवस सुट्टी, आठ दिवस मागं’? काहीही!

पळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. पहिल्या क्रॉसकंट्रीआधी, म्हणजे रानावनातल्या शर्यतीआधी, सलग ३० दिवस पळा, एक दिवस चुकला की दम आठ दिवस मागं जातो; पाय दुखला तर पळूनच मोकळा होतो; मोठे खेळाडू सुट्टी घेतच नाहीत. भाच्यानं मला तो तिसऱ्यांदा पाठवला, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

दम असा एका दिवसात जात नाही. सराव साफ बंद केला तरी पहिला आठवडाभर फारसा फरक पडत नाही. दोन-तीन आठवडे घरी बसलात तर मात्र जाणवतो. उलट दमवणाऱ्या पळण्यानंतर स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे पळायला इंधन म्हणून लागणाऱ्या साखरेचा, साठा भरायला नीट जेवूनसुद्धा २४ तास तरी लागतात. रविवारी जोतिबाचा डोंगर चढायचा आणि सोमवारी पहाटे रंकाळ्याला जोरात पळायचं, तर पायांत उरणार काय?

आता ‘पळूनच मोकळा होतो’. यावर मी माझी नडगी खर्ची घातलीय. पहिल्या शर्यतीआधी सलग १९ दिवस पळालो. उसाच्या फडांमधली पाणंद, ओली काळी माती, बुटाला शेरभर चिखल. अकराव्या दिवसापासून नडगी दुखत होती, पण पळायला लागलं की दहा मिनिटांत दुखणं दबायचं, म्हणून मीही हेच म्हणायचो. विसाव्या दिवशी जिना उतरताना खाली बसलो. डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कुठं? मी एक बोट ठेवलं. ते म्हणाले, हेच वाईट. मांडी-पोटरी भरून येते तेव्हा सगळा भाग ठणकतो. उताराच्या पळण्यानंतर हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आपोआप ओसरतं. हाडावर एकाच जागी बोटभर दुखत असेल तर मामला वेगळा. ताण पडला की शरीर आधी जुनं हाड खरवडतं, मग नवं भरतं. भरण्याआधीच रोज आपटत राहिलात तर बारीक चीर जाते. माझी शर्यत गेली, वर सहा आठवडे पळणं बंद.

मोठ्या खेळाडूंचं म्हणाल, तर सरावाच्या बाबतीत चेकोस्लोव्हाकियाचा लांब पल्ल्याचा धावपटू एमिल झाटोपेक याच्याइतका हट्टी माणूस सापडायचा नाही. १९५० च्या ब्रसेल्समधल्या युरोपियन स्पर्धेआधी तो आजारी पडून दवाखान्यात होता. बाहेर आला आणि ५,००० व १०,००० मीटर, दोन्ही जिंकला. आजारपण चांगलं असं नव्हे. पण सक्तीच्या विश्रांतीनं त्याचे पाय मेले नाहीत. आणि तालमीचं नाव घेऊन कुणी छाती फुगवत असेल, तर पैलवानाची दुपारची झोप आणि मालिश बघून यावं. मेहनतीइतकंच तेही चुकत नाही.

मेसेज कुठून आला असावा, याचा माझा एक अंदाज आहे. पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरसाठी रोज मैदानावर असतात. तिथं सपाट जमीन, पाच-सहा मिनिटांचा मामला. क्रॉसकंट्रीत बांध, गवत, चढ-उतार. प्रत्येक पावलाला घोटा वेगळा वळतो. तिथलं वेळापत्रक इथं कसं चालेल?

एक मान्य. लहर लागेल तेव्हाच पळणाऱ्याच्या हातालाही काही लागत नाही. मी आता आठवड्यात चार दिवस पळतो, लागोपाठ दोन दिवस जोराचं नाही. शर्यतीआधी दोन दिवस तर नुसता हिंडतो. पुढच्या हंगामात पहिली शर्यत पुरी केली, शेवटून सातवा. दुसऱ्या सकाळी भाच्याचा फोन, ‘मामा, आज पण पळायचं हं!’ मी अंथरुणातच होतो.