हेल्मेट न काढता बसलेली सिस्टर

आज सकाळी सिस्टर, म्हणजे परिचारिका असलेली माझी धाकटी बहीण नाइट ड्यूटी आटोपून, हँडओव्हर देऊन घरी निघाली, तेव्हा तिला सभागृहात बसवून ठेवण्यात आले, कारण तिच्या रुग्णालयात ‘तणावमुक्ती’ या विषयावर तासाभराचे व्याख्यान होते. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा, हजेरीपटावर सही करा आणि फोटोसाठी थांबा! रात्रभर उभ्या असलेल्या माणसाची झोप मोडून त्याला ताण घालवायला शिकवणे, हा निव्वळ छळ आहे.

2021 च्या एप्रिलमधली एक सकाळ मी विसरू शकत नाही. ती घरी आली, स्कूटी स्टँडला लावली आणि हेल्मेट न काढता सीटवरच बसून राहिली. आईने नेऊन दिलेल्या चहावर साय आली, तरी ती हलली नाही. त्या रात्री तिच्या वॉर्डात तीन माणसे गेली होती. ‘तू बरी आहेस ना’ असे एकाही वरिष्ठाने विचारले नव्हते. पुढच्या रात्रीची ड्यूटी मात्र न चुकता लागली होती.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून चालू आहे, हे मान्य. परंतु फोन करायलाही उसंत लागते, आणि ‘हिला झेपत नाही’ असा शिक्का बसण्याची भीती तर प्रत्येक सिस्टरच्या मनात असते. वॉर्डात मृत्यू झाल्यावर दहा मिनिटे तिच्याजवळ बसेल, ऐकलेले बाहेर बोलणार नाही, असे प्रशिक्षण घेतलेले माणूस प्रत्येक पाळीत हवे आणि तेवढा वेळ तिचे पेशंट सांभाळायला रिलीव्हर हवी. माणसे कमी आहेत, हे मलाही कळते. पण मग भरा ना!

आपण सोलापूरकर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव अभिमानाने घेतो. युद्धातल्या जखमींवर उपचार करायला ते चीनला गेले आणि तिथे त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्याचे भाषणांत रंगवून सांगितले जाते. 1942 मध्ये अवघ्या 32 व्या वर्षी ते गेले, हे मात्र एका वाक्यात उरकले जाते. 10 ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस आणि जागतिक मानसिक आरोग्य दिनही तोच. त्या दिवशी हार घालणाऱ्यांनी एखाद्या सिस्टरला ‘रात्री झोप लागते का’ एवढे तरी विचारावे.

खरे तर त्या सकाळी मीही तिला काही विचारले नव्हते. दमली असेल, असे समजून आत निघून गेलो होतो. आज जेवताना विचारले. तेव्हा तिने सांगितले, की त्या तिघांपैकी एका आजोबांचा चष्मा तिच्या खिशातच राहिला होता, आणि तो त्यांच्या घरी कोणत्या तोंडाने नेऊन द्यायचा, याचा ती हेल्मेटच्या आत विचार करत होती.