बंदिस्त तारकागुच्छ विश्वापेक्षा म्हातारे नाहीत, आणि सगळे इथले मूळ रहिवासीही नाहीत

एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे: बंदिस्त तारकागुच्छांचे, म्हणजे गुरुत्वाने बांधलेल्या ताऱ्यांच्या दाट, गोलाकार झुंडींचे वय विश्वापेक्षा जास्त निघते, म्हणून महास्फोट खोटा. शिवाय प्रत्येक गुच्छात एकाच पिढीचे तारे, जन्मापासून जसेच्या तसे, आणि सगळे गुच्छ आकाशगंगेतच जन्मलेले; त्यामुळे दीर्घिकांच्या जडणघडणीबद्दल त्यांच्याकडून काही कळत नाही. यात खरे एवढेच, की आकाशगंगेतल्या दीडशेहून अधिक ज्ञात गुच्छांपैकी बहुतेक दहा अब्ज वर्षांहून जुने आहेत.

आधी वय. गुच्छातल्या ताऱ्यांचे रंग आणि प्रती (तेजाची मापे) आलेखावर मांडल्या की मुख्य श्रेणी, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांचा पट्टा, एका जागी वळते. तिथल्या ताऱ्यांच्या गाभ्यातला हायड्रोजन संपत आलेला असतो. वळणावरचे तारे मुळात जितके मंद, तितका गुच्छ जुना. मेख अशी, की मूळ तेजस्विता काढायला अंतर लागते. अंतर ५ टक्के कमी धरले तर तारे सुमारे १० टक्के मंद ठरतात आणि वय जवळपास तेवढेच फुगते. वाटेतल्या धुळीने प्रकाश मंद आणि तांबूस होतो, ती चूक वेगळीच. १९९० च्या दशकात १५-१६ अब्ज वर्षांचे आकडे छापून येत, हे खरे. पण १९९७ मध्ये ताऱ्यांची अंतरे मोजणाऱ्या हिप्पार्कस उपग्रहाची मोजमापे आली, अंतरे वाढली आणि वये उतरली. १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले, तसे विश्वाचे वयही वर सरकले. आज सर्वांत जुने गुच्छ साधारण १२ ते १३ अब्ज वर्षांचे, विश्व १३.८ अब्ज वर्षांचे. कधीच सुटलेला पेच ताजा म्हणून खपवला जातोय.

‘एकच पिढी’ हे पाठ्यपुस्तकी सुलभीकरण. एनजीसी २८०८ या गुच्छात हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २००७ मध्ये तीन मुख्य श्रेणी वेगळ्या दिसल्या. फरक हेलियमच्या प्रमाणाचा. तो कशामुळे पडला, यावर अजून एकमत नाही.

‘जसेच्या तसे’ म्हणणाऱ्यांनी पालोमार ५ हा गुच्छ पाहावा. आकाशगंगेच्या ओढीने त्याचे तारे निसटून पुढे-मागे लांबलचक शेपट्या झाल्या आहेत. त्यांच्या आकारावरून आकाशगंगेतले कृष्णद्रव्य (न दिसणारे, फक्त गुरुत्वाने जाणवणारे द्रव्य) कसे पसरले आहे, याचा अंदाज घेता येतो.

‘सगळे इथलेच’ हा दावा मात्र सर्वांत कच्चा. १९९४ मध्ये सापडलेली धनू बटू दीर्घिका आकाशगंगा आजही गिळते आहे, आणि एम ५४ हा गुच्छ तिच्या ऐन केंद्रात बसला आहे. आता सगळ्या गुच्छांचे वय आणि लोहाचे प्रमाण एकाच आलेखावर टाका. दोन फांद्या दिसतात. लोह सारखे असूनही एका फांदीवरचे गुच्छ तरुण आहेत. लहान दीर्घिकेत स्फोट होणारे तारे थोडे आणि त्यांनी उधळलेला वायूही सहज निसटतो, म्हणून तिथे लोह साचायला जास्त काळ लागतो. ही तरुण फांदी बहुतांशी बाहेरून आलेल्यांची. ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाइया उपग्रहाच्या २०१८ च्या माहितीतून सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दीर्घिकेशी झालेल्या मोठ्या टकरीचा माग लागला, तेव्हा यांतले अनेक गुच्छ त्या गिळलेल्या दीर्घिकेच्या नावावर गेले.

पण नुसत्या कक्षेवरून गुच्छाला परका ठरवू नये. टकरींत आकाशगंगेचे गुरुत्वक्षेत्रच बदलते, कक्षा विस्कटतात, दोन्ही गटांची सरमिसळ होते. वय आणि रसायन ताडून पाहिले नाही, तर इथलेच जुने गुच्छही उपऱ्यांच्या यादीत जातात.