विन स्कली गप्प बसायचा म्हणून मोठा नव्हता

क्रिकेटच्या कॉमेंट्रीवरून वाद पेटला की बेसबॉलची एक क्लिप हमखास फिरते. 1988 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, पहिला सामना. लॉस एंजेलिस डॉजर्सचा कर्क गिब्सन होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारतो, आणि समालोचक विन स्कली मिनिटाहून जास्त वेळ एक अक्षर बोलत नाही. सोबतचा मजकूर साधारण असा: स्कली मितभाषी होता, मोठ्या क्षणी तो बोलायचाच नाही, स्वतःचं मत मध्ये आणायचा नाही, आपल्याकडच्या बडबड्यांनी त्याच्याकडून तोंड बंद ठेवायला शिकावं. बडबडीचा वैताग मलाही येतो. पण स्कलीला या कामासाठी साक्षीला बोलावणं म्हणजे चुकीचा माणूस पकडणं.

मितभाषी तर तो नव्हताच. 1950 ते 2016, तब्बल 67 हंगाम त्याने डॉजर्स या एकाच क्लबचं समालोचन केलं, आधी ब्रुकलिनमध्ये आणि मग लॉस एंजेलिसमध्ये. त्यातली बहुतेक वर्षं माइकपाशी तो एकटाच. सामना तीन तास चालतो, आणि दोन चेंडूंच्या मध्ये सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. ती फट तो गोष्टींनी भरायचा. खेळाडूचं गाव, त्याचे आईबाप, एकदा तर चक्क दाढीचा इतिहास! चेंडू पडला की गोष्ट थांबायची, चेंडूचं काय झालं ते सांगून पुन्हा तिथूनच सुरू व्हायची. कॉमेंट्री बॉक्समध्ये दोघे असले की ते एकमेकांशी बोलतात. तो थेट ऐकणाऱ्याशी बोलायचा.

1958 मध्ये डॉजर्स लॉस एंजेलिसला आले तेव्हा त्यांना स्वतःचं मैदान नव्हतं. ते खेळायचे ऑलिंपिकच्या कोलिझियममध्ये, जिथे लांबच्या प्रेक्षकाला चेंडू धड दिसायचाही नाही. लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायचे आणि समोरचा खेळ स्कलीच्या तोंडून समजून घ्यायचे. 1960 मध्ये त्याने रेडिओवरून सांगितलं, आज पंच फ्रँक सेकोरी यांचा वाढदिवस आहे, तीन म्हटलं की सगळ्यांनी शुभेच्छा द्यायच्या. अख्खं स्टेडियम ओरडलं. त्याचं बोलणं लोकांना नकोसं असतं, तर ट्रान्झिस्टर घरीच राहिले असते.

आता ती गिब्सनची क्लिप. ती सुरूच होते उशिरा. गिब्सनचे दोन्ही पाय दुखावलेले होते. नवव्या डावाच्या सुमारास एनबीसी वाहिनीच्या कॅमेऱ्याने डॉजर्सचा डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, दाखवली, आणि स्कलीने देशभरच्या प्रेक्षकांना सांगितलं की गिब्सन तिथे नाही, आज तो खेळणार नाही. गिब्सन आत उपचार घेत हाच टीव्ही बघत होता. ते ऐकून तो उठला, आत चेंडू मारून बघितले आणि मॅनेजर टॉमी लासोर्डाला आपण खेळू शकतो असा निरोप धाडला. मग दोन बाद, संघ एका धावेने मागे, समोर ऑकलंडचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डेनिस एकर्स्ली. लंगडत आलेल्या माणसाने तो चेंडू मारला आणि डॉजर्स 5-4 जिंकले. हे गिब्सनने स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे ज्या शांततेचं एवढं कौतुक, तिच्या मुळाशी स्कलीचं एक बोललेलं वाक्य आहे. आणि शांततेनंतरचं वाक्यही क्लिपमधून कापून टाकण्याजोगं नाही: ज्या वर्षी असंभाव्य तेच घडत आलं, त्या वर्षी आज अशक्य घडलं.

शिवाय गिब्सनचा तो सामना टीव्हीवर होता, चित्र समोर होतं. 9 सप्टेंबर 1965 ला डॉजर्सचा पिचर सँडी कूफॅक्सने शिकागो कब्जच्या 27 च्या 27 फलंदाजांना बाद केलं, एकालाही बेसवर पोचू दिलं नाही, तेव्हा स्कली रेडिओवर होता. शेवटच्या डावात तो बोलतच राहिला: पिचरने टोपी कशी सारखी केली, घाम कुठे पुसला, आत्ता ती पिचरची जागा जगातली सगळ्यात एकाकी जागा असेल. मधूनमधून घड्याळातली वेळ आणि तारीखही सांगितली, कारण हे रेकॉर्डिंग पुढे कूफॅक्सच्या हाती पडेल हे त्याच्या डोक्यात होतं. शेवटचा फलंदाज बाद झाल्यावर तो अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबला, आणि 9 वाजून 46 मिनिटं झाल्याचं सांगत परत आला. बाळ ज. पंडितांची कॉमेंट्री रेडिओवर ऐकलेल्यांना हे समजावायला नको. रेडिओवर न बोलणारा समालोचक म्हणजे बंद पडलेला रेडिओ.

त्या अर्ध्या मिनिटातही रेडिओ गप्प नव्हता, गर्दी ऐकू येत होती. लहानपणी न्यूयॉर्कला स्कली घरातल्या पायांच्या मोठ्या रेडिओखाली शिरून अमेरिकन फुटबॉलचे सामने ऐकायचा, आणि त्याला वेड होतं ते प्रेक्षकांच्या गर्जनेचं. ती गर्जना पुढे त्याने श्रोत्यांना ऐकवली, एवढंच.

मत न मांडण्याबद्दल म्हणाल, तर 8 एप्रिल 1974, अटलांटा. अटलांटाच्या हँक अॅरनने 715 वा होमरन मारून गोऱ्या बेब रूथचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला. त्याआधीचे कित्येक महिने त्याला जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. मार खाणारा पिचर डॉजर्सचाच, अल डाउनिंग. स्कली आधी गर्दीला ओरडू देतो आणि मग सरळ म्हणतो की अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खोल भागात एका काळ्या माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत आहेत, तेही बेसबॉलच्या एका दैवताचा विक्रम मोडल्याबद्दल. क्लबच्या पगारावरचा माणूस, क्लबने मार खाल्लेला असताना, हे बोलतो. याला अलिप्त राहणं म्हणत नाहीत.

पोस्टवाल्यांना एक प्रसंग मात्र देऊन टाकतो. 4 ऑक्टोबर 1955. न्यूयॉर्क यांकीज संघाकडून 1941, 47, 49, 52 आणि 53 अशा पाच वर्ल्ड सिरीज हरलेला ब्रुकलिन डॉजर्स अखेर त्यांच्याच विरुद्ध जिंकला. 27 वर्षांच्या स्कलीने, ब्रुकलिन डॉजर्स जगज्जेते झाले आहेत, एवढं एकच वाक्य उच्चारलं आणि तो थांबला. इतका संयम कसा राखलास, असं लोकांनी नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला की आणखी एक शब्द बोललो असतो तर रडलो असतो.