‘छोट्या हॉलचा पक्का फॉर्म्युला’ जरा बाजूला ठेवा

लग्नसराई तोंडावर आली की साऊंडवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘छोट्या हॉलचा पक्का फॉर्म्युला: दोन सब, स्टेजच्या दोन टोकांना एकेक. भिंतीपासून मीटरभर पुढे, म्हणजे बेस घुमत नाही. अँप सबच्या निम्म्या वॅटचा, म्हणजे सब जळत नाही. हम आला तर अर्थची पिन काढा. मीटर 75 च्या आत असला की कुणाला भ्यायचं कारण नाही.’ सब म्हणजे बेसचे स्वर देणारा मोठा स्पीकर, अँप म्हणजे त्याला ताकद देणारा अँप्लिफायर, हम म्हणजे स्पीकरमधून येणारी सततची घूंघूं आणि मीटर म्हणजे आवाज डेसिबलमध्ये मोजणारं यंत्र. कोल्हापुरात राजारामपुरीपासून शिवाजी पेठेपर्यंत पोरं हे प्रमाण मानून मांडणी करतात. यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

आधी दोन टोकांचं बघू. टॉप, म्हणजे वरच्या स्वरांचे स्पीकर, दोन बाजूंना असतात, म्हणून सबही तसेच ठेवायचे. दिसायला जोडी छान दिसते. पण 60 हर्ट्झची, म्हणजे बेसच्या स्वराची, एक लाट 5.7 मीटर लांब असते. दोन सबमध्ये 8 मीटर अंतर ठेवा आणि डाव्या सबच्या थेट समोर 6 मीटरवर उभे राहा. उजवा सब तुमच्यापासून बरोबर 10 मीटरवर येतो. या चार मीटरच्या फरकाने उजव्याचा 43 हर्ट्झचा स्वर उलटा होऊन पोचतो आणि डाव्याला खातो. मधल्या रेषेपासून दोनच मीटर सरकलात तर असाच खड्डा 79 च्या आसपास पडतो. भिंतींवरून परतणारा आवाज तो थोडाफार भरून काढतो, पुरता नाही. म्हणून मधल्या वाटेत आहेर घेऊन उभ्या असलेल्यांची छाती हादरते आणि कडेच्या खुर्चीवरचे मामा विचारतात, “बेस चालू हाय नव्हं?” ऑपरेटर आवाज वाढवतो. मामांना फरक पडत नाही, मधले लोक मात्र कान धरतात.

दोन्ही सब एका बाजूला, एकमेकांना चिकटवून ठेवा. मग सगळीकडे दोघांचा आवाज एकाच वेळी पोचतो, आणि एका सबपेक्षा 6 डेसिबल जास्त मिळतात: वॅट दुप्पट झाल्याचे 3, शेजारामुळे फुकटचे 3. टॉपशी डिले, म्हणजे आवाज पोचण्याची वेळ, जुळवून घ्यायला विसरू नका. ‘एका बाजूलाच काय ठेवलंय’ अशी कार्यालयवाल्यांची कुरकुर होईल, ती ऐकून घ्यायची.

भिंतीचा मुद्दा शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच जास्त नडतो. सबची खोली पाऊण मीटर धरा. मागे मीटरभर मोकळं सोडलं की स्पीकरचं तोंड भिंतीपासून पावणेदोन मीटरवर आलं. खालचे स्वर चारी दिशांना पसरतात. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून साडेतीन मीटरचा फेरा घालून येतो आणि 49 हर्ट्झला पुढच्याला कापतो. किकची, म्हणजे मोठ्या ड्रमची, धाप तिथेच तर असते! तोच सब भिंतीला टेकवला की खड्डा 114 वर जातो. क्रॉसओव्हर, म्हणजे सब संपून टॉप सुरू होतो तो स्वर, 90 ला असेल तर त्याच्याशी तुमचं फारसं देणंघेणं उरत नाही. उलट सगळ्यात खालच्या स्वरांना भिंतीमुळे 6 डेसिबलपर्यंत बळ मिळतं. तेवढं नुसत्या अँपने मिळवायचं तर 500 वॅटच्या जागी 2000 लागतील. घुमण्याचं म्हणाल, तर कोपऱ्यात घुमतं हे खरंच. पण तिथे एखाददुसरा स्वर उठतो, तो इक्वलायझरवर शोधून खाली घेता येतो. खड्ड्यात मात्र कितीही वॅट ओता, भरत नाही.

निम्म्या वॅटचा अँप. अँप लहान आहे एवढ्यानं सब जळत नाही, इथवर ठीक. पण वरातीतली पोरं पुढे येऊन “वाढीव की भावा” म्हणतात, तेव्हा 500 चा अँप क्लिपला जातो. लाटेचे माथे सपाट झाले की तोच अँप जवळजवळ 1000 वॅट सरासरीने ढकलू शकतो, आणि सबमधल्या तारेच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला, थंड व्हायला उसंत मिळत नाही. सबच्या आरएमएस इतका (म्हणजे तो सतत पेलतो तेवढ्या वॅटचा) किंवा थोडा वरचा अँप घ्या, आवाज ठरल्या पातळीवर रोखणारा लिमिटर नीट लावा. पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या, पेटीला 30-35 हर्ट्झखालचे स्वर अडवणारा हायपास हवाच. त्याखाली स्पीकरच्या कोनाला (हलणाऱ्या पडद्याला) आतल्या हवेचा आधार राहत नाही. खोक्यावरचे पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीपुरते फुगवलेले, हजारो वॅट मोजायचेच नाहीत.

अर्थची पिन काढणं हा गुन्हा समजा. अँपमध्ये फॉल्ट आला तर 230 व्होल्ट माइकच्या जाळीवाटे गाणाऱ्याच्या ओठांपर्यंत येऊ शकतात. हम आला तर मिक्सर आणि अँप एकाच बोर्डावर घ्या, खरखर झटकणारी बॅलन्स्ड केबल वापरा, लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स लावा.

राहिला मीटर. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत 75 ही सरसकट सूट नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मानकापेक्षा 10 जास्त किंवा 75, यातलं जे कमी ते. निवासी भागात दिवसाचं मानक 55, म्हणजे मर्यादा 65. शिवाय ही मोजणी ए वेटिंगची, म्हणजे कानाप्रमाणे खालचे स्वर कमी धरणारी. त्यात 63 हर्ट्झचे 26 डेसिबल वजा होतात. मीटर शांत दिसतो आणि पलीकडच्या घरात मांडणीवरची भांडी वाजत असतात. पाहुणे यायच्या आधी सब चालू-बंद करून त्या घराच्या दारात उभं राहून ऐका, आणि मीटरवर खालचे स्वर फारसे न कापणाऱ्या सी वेटिंगचं बटण असेल तर तेही लावून बघा.