पाठकोरी जर्मन

रोज एक पान फाडावे आणि रोज एक परका शब्द शिकावा, ही टेबलावरच्या दिनदर्शिकेची योजना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याने बँकेत नोकरी केलेली नसावी. मी आयुष्यभर केली, त्यामुळे या व्यवहारातली गोम पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आली. आवक रोजची आहे, शिल्लक मात्र कोणीच तपासत नाही. पान फाडले की दिवस संपतो, हे निर्विवाद. शब्द डोक्यात राहिला की नाही, याविषयी दिनदर्शिका अवाक्षर काढत नाही.

स्टुटगार्टला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी ती पाठवली. नातू आता निम्म्याहून अधिक जर्मन बोलतो, तेव्हा आजोबांनी रोज पाच मिनिटे काढावीत, असा निरोप सोबत होता. वडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला अशा वेळी वयाची सबब पुढे करता येत नाही. कवळाण्यासारख्या खेड्यातून आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या बारा वर्षांच्या मुलाला १८७५ मध्ये इथल्या गादीवर बसवले आणि त्या सयाजीरावांनी मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी आत्मसात केली, ही कथा दांडिया बाजारातल्या प्रत्येक पोराने मार खाता खाता ऐकलेली असते. महाराजांना शिकवायला इलियटसाहेब होते आणि मला पुठ्ठ्याच्या टेकूवर उभा केलेला कागदाचा ठोकळा, हा फरक कोणी विचारात घेत नाही.

या ठोकळ्याचे ऋतू त्याच्या देशाचे आहेत. ऐन उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, सगळे शहर गच्चीवर पतंग काटून ‘लपेट!’ म्हणून ओरडत असताना आणि स्वयंपाकघरातून उंधियोचा वास येत असताना, मला ‘श्नेशाउफेल’ म्हणजे दारातला बर्फ उपसायचे फावडे पाठ करायचे होते. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा शिळा सण, असल्यामुळे तेही पान राहिले आणि तिथून जी थकबाकी सुरू झाली, ती लग्नसराईत फुगत गेली. मे महिन्यात, पंखादेखील गरम वारा फेकत असताना, त्या लोकांच्या आवडत्या श्पार्गेल नावाच्या भाजीचे कौतुक आले. ही भाजी ते २४ जूनपर्यंतच काढतात. आपल्याकडे आंब्यालासुद्धा इतकी शिस्त नाही.

व्याकरणाचे मला भय नव्हते. घरी मराठी आणि दारी गुजराती, दोन्हींत तिन्ही लिंगे जिवंत आहेत, जर्मनमध्येही तीनच. पण तिथे सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी निघाली. सौभाग्यवतींनी यावर संताप व्यक्त केला. (नातीने हट्ट धरला की त्याच तिला ‘ते कार्टं’ म्हणतात, हे मी बोललो नाही.)

खरा घोटाळा फाडलेल्या पानांनी केला. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून, १८८५ मध्ये असे दाखवून दिले की पाठांतराचा मोठा भाग पहिल्याच दिवसात गळतो आणि अंतराअंतराने उजळणी केली तरच उरलेला टिकतो. पुढे सेबास्टियन लाइटनर यांनी त्यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली: आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, न आलेला परत पहिल्यात. गेलेले पान पुन्हा तोंड दाखवत नाही, ही दिनदर्शिकेतली उणीव त्याने भरून निघाली असती. म्हणून भाकरवडीच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पडदे घालून मी फाडलेली पाने त्यात लावू लागलो.

आमच्या घरात पाठकोरा कागद वाया जात नाही. खोके दिसताच सौभाग्यवतींनी ते ताब्यात घेतले आणि माझ्या उजळणीच्या पाठीवर दुधाचा हिशेब, इस्त्रीचे कपडे आणि वाण्याची यादी उमटू लागली. ‘अहो, एका बाजूला काहीच लिहिलेलं नाही, मग काय झालं?’ या प्रश्नाला लाइटनरकडे उत्तर नाही. एकदा तर मला हव्या असलेल्या क्रियापदाच्या शोधात मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. त्याने ते पान आमच्या उधारीसह तारेत ओवून ठेवले होते.

डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर नातवाने खिडकीबाहेरचा बर्फ दाखवला आणि आपल्या उंचीएवढे एक लाल फावडे कॅमेऱ्यासमोर धरून विचारले, ‘आजोबा, हे काय?’ मी चष्मा पुसू लागलो. मागून, भाजी निवडता निवडता, शांतपणे उत्तर आले, ‘श्नेशाउफेल.’ नातू टाळ्या वाजवू लागला. चौकशीअंती कळले की वर्षाच्या मसाल्याची यादी त्याच पानामागे होती. मार्चमध्ये ती लिहिताना, मग मांडवीच्या बाजारात भाव विचारताना, घरी धणे-मिरच्यांचे वजन पडताळताना आणि पुढे मसाला संपत आला तसतशी पुन्हा पुन्हा, ते पान उलटसुलट त्यांच्या हातात राहिले होते. एबिंगहाउसने सांगितलेली अंतरे त्यांनी बिनचूक पाळली होती. हिंगाच्या पाठीमागचा आणि साबणाच्या पाठीमागचा शब्दही त्यांनी नातवाला म्हणून दाखवला.

नव्या वर्षाचा ठोकळा चिरंजीवांनी आईच्या नावाने पाठवला आहे. वाण्याची यादी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले असून, अक्षर सुवाच्य असावे आणि शाई पुढच्या बाजूला फुटू नये, अशी सक्त ताकीद आहे.