आठ पडले, आता काय?

सिंगापुरात आमचा कट्टा म्हणजे ब्लॉकखालचं दगडी टेबल. वर बुद्धिबळाचा पट आहे, सोंगट्या मात्र कुणी कधी पाहिल्या नाहीत. नोव्हेंबरात तिथं एकच विषय चालतो, पीएसएलईचा निकाल. प्राथमिक शाळा संपताना होणारी ही परीक्षा, तिच्यावर पुढची शाळा ठरते.

बापूच्या पोराला आठ पडले. चार विषय, प्रत्येकाची एक ते आठ अशी पातळी, आणि बेरीज जितकी कमी तितकं बरं. चार म्हणजे आभाळाला हात. सांगलीच्या आजीला फोनवर 'आठ' सांगितलं तर ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, "असू दे, पुढच्या वेळी करेल."

"आयपी घेऊन टाक," अण्णा म्हणाला. आयपी म्हणजे इंटिग्रेटेड प्रोग्रॅम. त्याची लेक आयपीत, त्यामुळं निकाल आधीच लागलेला. "सहा वर्षं सलग. मधली ओ लेव्हल, म्हणजे इथली दहावी, नाही; थेट बारावीच्या तोडीची ए लेव्हल नाहीतर आयबी. आपली दहावी आठव. पहाटे चारला उठून प्रश्नसंच सोडवायचो. पोराला तेच द्यायचंय?"

"परीक्षा गेली म्हणून ताण जातो का हो?" वहिनींनी विचारलं. "शाळेच्या परीक्षा, प्रोजेक्टं आहेतच. आयपीच्या गणिताचे वेगळे क्लास निघालेत. तुमच्या लेकीला किती ट्यूशन आहेत?"

अण्णानं कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, घोट लांबवला.

बापूची अडचण निराळी होती. पोरगं दिवसभर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतं, घरातला एक पंखा धड ठेवला नाही. "उद्या म्हणाला पॉलिटेक्निकला जायचंय, तर? तो सरळ रस्ता ओ लेव्हलवरून जातो."

"ओ लेव्हल तरी कुठं राहतेय? 2027 पासून एसईसी नावाची नवी परीक्षा येतेय," अण्णा म्हणाला.

"नाव बदललं रे. चौथ्या वर्षाअखेर हातात कागद पडतो, तो पडणारच."

मला त्या कागदाचंच पडलं होतं. 2004 साली आयपी सुरू झालं ते इथंच कॉलेज करून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांसाठी. आपला मुक्काम मात्र नोकरीच्या जिवावर. मी म्हटलं, "बापू, चौथ्या वर्षानंतर पुण्याला परतायची वेळ आली, तर अकरावीच्या प्रवेशाला दहावीची गुणपत्रिका मागतील. आयपीतल्या पोराकडं दाखवायला काय? शाळेचं प्रगतिपुस्तक?"

"परत कोण जातंय?" अण्णा म्हणाला खरा, पण आवाज उतरला होता. गेल्याच वर्षी शेजारच्या ब्लॉकमधलं एक कुटुंब दोन महिन्यांत सामान बांधून गेलं. आम्हीच खोके उचलायला होतो.

वहिनींनी मधली वाट काढली. "व्हिक्टोरिया शाळेत दोन्ही वाटा आहेत. ओ लेव्हलच्या बाजूनं शिरा. काही आयपी शाळा तिसऱ्या वर्षीही मुलं घेतात. तोवर पोरगंही कळेल, तुमची नोकरीही."

"म्हणजे दारात आलेलं परत पाठवायचं?" अण्णा उसळला. "आठात काही आयपी शाळा तरी मिळतील. तिसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही, मग?"

यावर वहिनींकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. तरी माझं मत कागदाच्याच बाजूचं. अण्णा म्हणतो, हा भित्रेपणा. असेल.

बापूनं मोबाइलवर फॉर्म काढला. सहा पर्याय भरायचे. एक आयपी शाळा वर नेली, खाली आणली, परत वर नेली.

"पोराला विचारलंत का?" वहिनी म्हणाल्या.

"विचारलं ना. म्हणाला, बस बदलावी लागत नाही ती टाका."