‘घाबरवण्याचा धंदा’ आणि बोटाचं हाड

प्रतिक्रियेखाली नाव नाही, नुसतं ‘एक एमबीबीएस’. असो. फुप्फुसाचा कॅन्सर अंगात कुठे कुठे पसरतो, या मागच्या लेखावरची त्यांची प्रतिक्रिया जशीच्या तशी: ‘फुप्फुसाचा कॅन्सर म्हणे बोटात! हजारात एक मेटास्टॅसिस हातापायाच्या टोकाला जातं. लोकांना घाबरवण्याचा धंदा बंद करा. तंबाखूवर गप्प, उपचारांवर अवाक्षर नाही.’ (मेटास्टॅसिस म्हणजे मूळ जागेहून दूर जाऊन रुजलेला कॅन्सर.)

धंदा? या ब्लॉगवर एक जाहिरात दाखवा, डॉक्टर. घाबरवायचंच असतं तर मेंदू, यकृत, हाडं, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी या नेहमीच्या जागांवरच थांबलो असतो; तेवढ्यानेही माणसाची झोप उडते. ‘हजारात एक’ मीही लिहिलंय, फक्त शेवटी. वर घ्यायला हवं होतं, हे मान्य.

पण तो हजारातला एक येतो कसा, हे वाचायची तुम्हाला गरज वाटली नाही. मोठ्या आतड्यातलं रक्त आधी यकृतात गाळलं जातं. फुप्फुसातलं रक्त मात्र थेट हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तिथून धमन्यांवाटे अंगभर. मध्ये चाळणीच नाही. तरी पेशी सगळीकडे रुजत नाहीत. पेशी म्हणजे बी, अवयव म्हणजे माती, हा हिशेब इंग्रज सर्जन स्टीफन पॅजेटने 1889 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, माझ्या डोक्यातून निघालेला नाही. आणि हाताच्या हाडात बाहेरून आलेला कॅन्सर सापडला, तर मूळ सगळ्यात जास्त वेळा फुप्फुसातच निघतं. दवाखान्यात सुजलेलं बोट पुढे करणाऱ्याला तुमचं ‘हजारात एक’ काय कामाचं?

माझ्या मामाचं अंगठ्याचं टोक सुजलं. लाल, गरम, रात्रभर ठणका. नखुरडं म्हणून चीर दिली, पू आलाच नाही. मग अँटिबायोटिक, मग दुसरं अँटिबायोटिक. एक्स-रे काढायचं सुचलं तोवर टोकाचं हाड खाल्लं गेलं होतं. छातीचा फोटो त्यानंतर. खोकला होताच, पण बिडी ओढणाऱ्याच्या खोकल्याकडे घरात कोण लक्ष देतं? चीर देणारेही तुमच्यासारखेच एमबीबीएस होते. मामीला कुणी तेव्हा ‘घाबरू नका, दुर्मिळ आहे’ म्हणालं असतं, तर तिने काय उत्तर दिलं असतं ते इथे छापण्यासारखं नाही.

माझा राग लेखावरच्या टीकेचा नाही, त्या ‘म्हणे’चा आहे. दवाखान्यातही हाच सूर लावता का?

डोळ्याच्या पडद्यामागे, कोरॉइडमध्ये पसरणाऱ्या कॅन्सरवरचा परिच्छेद तर तुम्ही वाचलेलाच दिसत नाही. स्तनाच्या कॅन्सरखालोखाल तिथे फुप्फुसाचाच नंबर लागतो, आणि काहींची पहिली तक्रार ‘अंधुक दिसतं’ एवढीच असते.

तंबाखूवर आधी लिहून झालंय, शोधा. उपचार हा त्या लेखाचा विषय नव्हता.

आणि हो, यापुढे बिननावी प्रतिक्रिया इथे छापली जाणार नाही. पदवी लिहिता येते, तर नावही लिहा.